शिशाच्या कापड-मोहरा

शिशाची कापड-मोहर म्हणजे कापडाच्या ताक्याच्या काठाला घट्ट बसवलेली आणि दोन्ही अंगांनी ठसा उमटवलेली शिशाची लहान चकती होय. युरोपात साधारणपणे तेराव्या-चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत अशा मोहरा प्रचारात होत्या. कापडाची लांबी-रुंदी, त्याची प्रत, दिलेला रंग, विणण्याचे ठिकाण आणि सरकारात भरलेला कर यांपैकी एका किंवा अनेक गोष्टींची ती खूण असे. कापड गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचून शिंप्याच्या कात्रीखाली गेले, की मोहरेचे काम संपत असे आणि ती कापून टाकली जाई. टाकून दिलेल्या या मोहरा आज इंग्लंड, नेदरलँड्स, जर्मनी, पोलंड, रशिया व उत्तर अमेरिका येथील नांगरलेल्या शेतांत, नद्यांच्या पात्रांत आणि जुन्या वसाहतींच्या उत्खननांत सापडतात. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी शोधकांना मिळणाऱ्या शिशाच्या वस्तूंत त्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. मात्र ओळख न पटल्यामुळे त्यांतील कित्येक भंगार म्हणून टाकल्या जातात.

या वस्तूंचे महत्त्व त्यांच्या किमतीत नाही. मध्ययुगीन व त्यानंतरच्या काळातील कापड मातीत कुजून नष्ट झाले आहे. व्यापाराच्या वह्या व करांची खाती काही ठिकाणी टिकली, काही ठिकाणी नाहीत. कोणत्या गावचे कापड कोणत्या गावी विकले जात होते याचा प्रत्यक्ष, हाती धरता येईल असा पुरावा बहुधा या चकत्यांच्या रूपानेच उरला आहे.

रचना व बसवण्याची रीत

शिसे ३२७ अंश सेल्सियस तापमानाला वितळते. ते स्वस्त आहे आणि थंड असतानाही हातोडीच्या एका घावाने ठसा स्वीकारते. मोहरेसाठी त्याची निवड झाली ती या गुणांमुळे. कोऱ्या मोहरा साच्यात ओतून तयार ठेवल्या जात.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार दोन चकत्यांचा आहे. दोन गोल चकत्या एका अरुंद पट्टीने जोडलेल्या असतात. एका चकतीच्या मध्यभागी बोथट खुंटी असते व दुसऱ्या चकतीला भोक. पट्टी कापडाच्या काठावरून दुमडून खुंटी कापडातून आरपार घालायची, समोरच्या भोकात बसवायची आणि दोन ठशांच्या मध्ये धरून वरून घाव घालायचा, अशी ही रीत होती. घावाने खुंटीचे टोक चेपून पसरते, दोन्ही चकत्या एकमेकींत अडकतात आणि त्याच क्षणी दोन्ही बाजूंवर चिन्हे उमटतात. अशी मोहर मोडल्याखेरीज काढता येत नाही. एका ताक्याची मोहर काढून दुसऱ्याला लावण्याची लबाडी त्यामुळे अवघड होई. पुढे घावाऐवजी सांडशीसारख्या हत्याराने दाब देण्याची पद्धतही आली.

सतराव्या शतकातील इंग्रजी करमोहरांत चार चकत्यांचा प्रकार विशेष दिसतो. चार चकत्या एका ओळीत पट्ट्यांनी जोडलेल्या असत व घडी घालून त्यांचे थर एकमेकांवर बसवले जात. पट्ट्या नाजूक असल्याने जमिनीत त्या तुटतात आणि सापडणाऱ्याच्या हाती चारांपैकी एखाद-दुसरी चकतीच लागते. भोक पडलेली, एका बाजूने कोरी आणि एका कडेला तुटक्या पट्टीचा टोकदार अवशेष असलेली शिशाची चकती मिळाली, तर ती अशा मोहरेचा भाग असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

आकार बहुधा १५ ते ४० मिलिमीटर व्यासाचा असतो. याहून मोठ्या मोहराही आहेत, पण त्या विरळा.

इंग्लंडमधील अ‍ॅल्नेज

इंग्लंडमध्ये सापडणाऱ्या मोहरांचा मोठा भाग ‘अ‍ॅल्नेज’ या सरकारी तपासणी व करपद्धतीशी निगडित आहे. हा शब्द ‘एल’ या कापड मोजण्याच्या मापावरून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘उल्ना’ या शब्दात असून त्याचा अर्थ कोपरापासून पुढचा हात असा होतो. मराठीत कापड ‘हाता’ने मोजत, त्यातलाच हा प्रकार. पुढील काळात इंग्लिश एल ४५ इंचांचा, म्हणजे सव्वा वाराचा ठरला.

कापडाच्या रुंदीबाबतचे राजाज्ञापत्र पहिल्या रिचर्डने ११९६ साली काढले. लोकरी कापड दोन्ही काठांच्या आत दोन एल रुंद असावे, असा त्याचा नियम होता. १२१५ च्या मॅग्ना कार्टातही रंगीत कापडाच्या रुंदीचे कलम आहे. प्रारंभी हेतू गिऱ्हाइकाच्या संरक्षणाचा होता. १३५३ साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा बदलला आणि ठरावीक मापाच्या प्रत्येक पूर्ण कापडावर चार पेन्स कर बसला. किरमिजी रंगात रंगवलेल्या भारी कापडावर तो अधिक होता. अ‍ॅल्नेजर नावाचा अधिकारी कापड मोजून, कर घेऊन शिशाची मोहर लावी. मोहर नसलेले कापड विक्रीस मांडल्यास ते जप्त होण्याची तरतूद होती. पूर्ण कापड म्हणजे सुमारे २४ वार लांबीचा ताका. मोहरेवर ‘पॅन्नोरम’ हा लॅटिन शब्द वारंवार दिसतो. त्याचा अर्थ ‘कापडांचा’ असा असून ‘सब्सिडी पॅन्नोरम’ म्हणजे ‘कापडांवरील कराची’ मोहर. सोबत परगण्याचे लॅटिन वा इंग्रजी संक्षिप्त नाव असते.

१५३६ च्या सुमारास झालेल्या कायद्याने कापड तयार करवून घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही स्वतःची खूण कापडात विणणे व खरी लांबी दाखवणारी स्वतःची शिशाची मोहर लावणे बंधनकारक केले. सरकारी मोहरेबरोबर खाजगी मोहराही एवढ्या संख्येने का सापडतात, याचे एक कारण हे आहे.

सतराव्या शतकात ‘नवी वस्त्रे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या लोकरी व मिश्र कापडांवरही हा कर लागू झाला. त्याच्या वसुलीचा हक्क पहिल्या जेम्सने लेनॉक्सच्या ड्यूकला दिला. १७२४ साली कायद्याने अ‍ॅल्नेज रद्द झाला. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागात मात्र कापडाची मोजणी व मोहर लावण्याची स्थानिक व्यवस्था अठराव्या शतकातही चालू राहिली.

मोहरेवरचा विश्वास आणि गैरव्यवहार

मोहर खरी असली, तरी कापड खरे असेलच असे नव्हते. वसुलीचा हक्क मक्त्याने दिला जाई. मक्तेदाराचे लक्ष पैशावर आणि कापड तपासण्यास वेळ व माणसे लागणार, म्हणून कापड न पाहताच मोहरांचे गठ्ठे व्यापाऱ्यांना विकण्याची प्रथा पडली. जॉन मे या उप-अ‍ॅल्नेजरने १६१३ साली कापडधंद्यातील लबाड्यांवर एक पुस्तक लिहिले. ओले कापड ताणून लांबी वाढवणे, विरळ विणीत भर घालून ते जाड भासवणे अशा युक्त्यांची त्यात माहिती मिळते. व्यवस्थेच्या आतल्याच माणसाने केलेली ही तक्रार असल्याने तिला वजन आहे.

कागदोपत्रीही हीच स्थिती होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील अ‍ॅल्नेज खात्यांवर इतिहासकार फार काळ विसंबून होते. एलिनोरा कारस-विल्सन यांनी १९२९ साली एका लेखात दाखवून दिले, की या खात्यांतील अनेक नोंदी जुन्या याद्यांवरून उतरवलेल्या किंवा मनाने रचलेल्या आहेत. त्यामुळे कापडउद्योगाच्या प्रमाणाबद्दल त्यांवरून काढलेले निष्कर्ष डळमळीत झाले. खाते खोटे असू शकते. परंतु शेतात वा नदीत सापडलेली मोहर निदान एवढे निश्चित सांगते, की तिच्यावर नाव असलेल्या ठिकाणचा ताका या परिसरात येऊन सोडला गेला होता. मोहरांच्या सापडण्याच्या जागा काटेकोरपणे नोंदवण्याचा अभ्यासकांचा आग्रह आहे तो यासाठीच.

इतर प्रकारच्या इंग्रजी मोहरा

एकाच ताक्यावर अनेक मोहरा असत. विणकर, कुटाई करणारा, रंगारी, श्रेणीचा तपासनीस आणि सरकारी अधिकारी या प्रत्येकाची खूण वेगळी.

श्रेणीचे वा नगराचे तपासनीस दोषी मालावरही मोहर लावत. अशा काही मोहरांवर ‘सदोष’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘फॉल्टी’ ठसठशीत अक्षरांत आढळतो. आजच्या ग्राहकास हे विचित्र वाटेल, पण दोष जाहीर करून कमी किमतीला माल विकण्याची ती सरळ पद्धत होती.

रंगाऱ्यांच्या मोहरा रंगद्रव्य सांगतात. निळीसारखा निळा रंग देणारी वोड ही वनस्पती आणि मंजिष्ठेच्या कुळातील मॅडर या दोहोंचा हात देऊन केलेला काळा रंग टिकाऊ असे. लॉगवुड या अमेरिकन लाकडाचा रंग स्वस्त पण त्या वेळच्या पद्धतीत लवकर उडणारा होता. म्हणून १५८१ साली इंग्लंडमध्ये त्याच्या वापरावर बंदी आली व ती १६६२ पर्यंत टिकली. रंगाऱ्यांच्या मोहरांवरील ‘एम’ व ‘डब्ल्यू’ ही अक्षरे मॅडर व वोड यांची द्योतक मानली जातात.

परदेशी विणकरांच्या वसाहतींच्या मोहरा हा या विषयाचा सर्वांत आकर्षक भाग म्हणता येईल. नेदरलँड्समधील धार्मिक छळ व युद्ध यांमुळे सोळाव्या शतकात हजारो विणकर इंग्लंडला आले. नॉर्विच नगराने १५६५ साली राणी एलिझाबेथच्या परवानगीने ३० कुशल विणकरांना कुटुंबांसह बोलावले. त्यांत २४ डच व ६ वालून होते. नॉर्विचच्या मोहरेवर नगराचे चिन्ह, म्हणजे किल्ला व त्याखाली सिंह, दिसते. कोल्चेस्टर येथील डच लोक ‘बेज’ नावाचे हलके लोकरी कापड विणत. त्यांच्या सभागृहात प्रत्येक ताका तपासला जाई व प्रतीनुसार मोहर लागे. या मोहरेचा लौकिक एवढा होता, की संसदेने १६६० साली कोल्चेस्टरच्या डच बेज हॉलसाठी स्वतंत्र कायदा केला. कोल्चेस्टरच्या नगरचिन्हात गाठाळ लाकडाचा क्रूस व तीन मुकुट असतात. त्यावरून या मोहरा ओळखता येतात.

युरोपातील इतर नगरांच्या मोहरा

नेदरलँड्समधील लेडन हे सतराव्या शतकात युरोपातील आघाडीचे लोकरी कापडाचे केंद्र होते. त्याच्या मोहरेवर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन किल्ल्या असतात. हार्लेमची खूण ताऱ्यांच्या मध्ये उभी तलवार ही, तर अ‍ॅम्स्टरडॅमची एकाखाली एक तीन फुल्या. कापडावर मोहर लावणाऱ्या अधिकाऱ्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र अ‍ॅम्स्टरडॅमचेच आहे. रेम्ब्रांटने १६६२ साली रंगवलेले ‘स्टालमेस्टर्स’ हे समूहचित्र तेथील रिक्सम्युझियममध्ये आहे. काळ्या पोशाखातील ते गृहस्थ रंगवलेल्या कापडाची नमुन्याशी तुलना करून प्रत ठरवणारे तपासनीस होत. सर्वोत्तम कापडाला चार ठसे व सर्वांत हलक्या प्रतीला एक, अशी त्यांची श्रेणीपद्धत सांगितली जाते.

दक्षिण जर्मनीतील ऑग्सबर्ग हे फस्टियनसाठी, म्हणजे लिननचा ताणा व सुती बाणा असलेल्या कापडासाठी नावाजलेले होते. पुढे युरोपातील बलाढ्य सावकार बनलेल्या फुग्गर घराण्याचा मूळ पुरुष हान्स फुग्गर १३६७ साली विणकर म्हणूनच या नगरात आला. ऑग्सबर्गच्या मोहरेवर एका बाजूला नगराचे चिन्ह असलेले पाइनचे बोंड, तर दुसऱ्या बाजूला बहुधा ‘ए’ हे अक्षर असते. तेथील फस्टियनच्या प्रतींना बैल, सिंह, द्राक्षघड व पत्र अशी नावे होती. या मोहरा लंडनमध्ये मोठ्या संख्येने सापडल्या आहेत, आणि व्हर्जिनियातील जेम्सटाउन या १६०७ साली स्थापन झालेल्या इंग्रज वसाहतीच्या उत्खननातही मिळाल्या आहेत.

फ्रान्समध्ये कोल्बेरने १६६९ साली कापडाची लांबी, रुंदी व प्रत यांचे सविस्तर नियम केले. त्यामुळे फ्रेंच मोहरांवर गावाचे नाव, तपासणी कार्यालय आणि अनेकदा साल असा भरपूर मजकूर मिळतो. उत्तर अमेरिकेतील मिशिलिमॅकिनॅक किल्ला, नाइल्सजवळचा सेंट जोसेफ किल्ला अशा फ्रेंच ठाण्यांत या मोहरा विपुल आहेत. तेथील मूलनिवासी शिकाऱ्यांना कातड्यांच्या मोबदल्यात युरोपीय कापड दिले जात असे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या मोहरांवर ‘फ्लोरेबो क्वोकुम्क्वे फेरार’ हे लॅटिन बोधवाक्य आढळते. ‘जेथे नेले जाईन तेथे फुलेन’ असा त्याचा आशय आहे.

पूर्वेकडे इंग्रजी कापडाची मोठी पेठ बाल्टिक किनारा होती. १५७९ साली सनद मिळालेल्या ईस्टलँड कंपनीने एल्बिंग, म्हणजे आजचे पोलंडमधील एल्ब्लाँग, येथे ठाणे केले. पोलंडमध्ये इंग्रजी मोहरा सापडतात त्या या व्यापारामुळे. रशियातील नोव्हगोरोद येथेही पश्चिम युरोपीय कापडाच्या मोहरा मिळाल्या आहेत.

ओळख पटवण्याची पद्धत

प्रथम वस्तू शिशाची आहे याची खात्री करावी. करड्या रंगाचा, हाताला आकारापेक्षा जड लागणारा आणि लोहचुंबकाला न चिकटणारा धातू बहुधा शिसेच असतो. पृष्ठावर पांढरट पुटे असू शकतात.

त्यानंतर मजकुराकडे न वळता रचना पाहावी. नवखे अभ्यासक लगेच अक्षरे वाचू लागतात आणि इथेच फसतात. चकत्या किती, खुंटी आहे की भोक, पट्टी तुटलेली आहे का, ठसा एका बाजूला आहे की दोन्ही, चित्र घावाने उमटलेले आहे की साच्यातच ओतलेले, हे ठरले की निम्मे काम होते. दोन चकत्या अजून जुळलेल्या असतील, तर त्या उघडू नयेत. मधल्या पोकळीत मूळ कापडाचे धागे शिल्लक असण्याची शक्यता असते. धागे नसले, तरी शिशाच्या आतल्या पृष्ठावर विणीची छाप राहते. तिच्यावरून साधी वीण की तिरपी वीण, आणि दर सेंटिमीटरला ताण्याचे व बाण्याचे धागे किती, हे भिंगाखाली मोजता येते.

ठसा वाचताना प्रकाश एका बाजूने, जवळजवळ आडवा पाडावा. वस्तू हळूहळू फिरवली की झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. प्रत्येक दिशेने एकेक छायाचित्र घेणे उपयुक्त ठरते. ठसा अनेकदा मोहरेच्या मध्यावर नीट बसलेला नसतो, त्यामुळे लेखाचा अर्धाच भाग उमटतो. ठसा कोरणाऱ्याच्या चुकीने अक्षरे उलटीही येतात. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ आणि ‘जे’च्या जागी ‘आय’ असणे ही चूक नसून त्या काळची लेखनपद्धती आहे.

काळ ठरवण्यास अक्षरांचे वळण मदत करते. गोलसर, फुगीर लोम्बार्डिक अक्षरे जुन्या मोहरांवर, टोकदार गॉथिक अक्षरे मुख्यतः पंधराव्या शतकात आणि सरळ रोमन अक्षरे सोळाव्या शतकापासून दिसतात. राजचिन्हे त्याहून नेमकी. इंग्लंडच्या राजांनी १३४० पासून फ्रान्सची कमलपुष्पे आपल्या ढालीवर घेतली. प्रारंभी ती विखुरलेली अनेक असत, पंधराव्या शतकाच्या प्रारंभापासून तीनच झाली, आणि १८०१ साली ती काढून टाकण्यात आली. मुकुटाखालील लोखंडी जाळीदार दरवाजा ही ट्यूडर घराण्याची आवडती खूण असून पुढेही ती वापरली गेली. मुकुटाखाली काटेरी थिसल फूल असेल, तर ते स्कॉटलंडचे चिन्ह असल्याने इंग्रजी करमोहर १६०३ नंतरची, म्हणजे जेम्स गादीवर आल्यानंतरची मानावी लागते.

उदाहरणादाखल, केंट परगण्यातील शेतात २० मिलिमीटरची एक चकती मिळाली असे समजू. मध्यभागी चेपलेल्या खुंटीचा उंचवटा, एका कडेला पट्टीचे बूड, एका अंगावर मुकुटाखाली थिसल आणि कडेने लेखाची शेवटची पाचच अक्षरे, ‘ए-एन-एन-ओ-आर’. खुंटी व पट्टी यांवरून ती कापड-मोहर ठरते. थिसलावरून काळ १६०३ नंतरचा, आणि अ‍ॅल्नेज १७२४ ला संपल्यामुळे वरची मर्यादा तीच. पाच अक्षरे ‘पॅन्नोरम’ या शब्दातील आहेत हे उघड आहे, म्हणून ती करमोहर. परगण्याचे नाव मात्र तुटलेल्या भागात गेले. अशा वेळी ‘केंटमध्ये सापडली म्हणून केंटची’ असे लिहिणे अयोग्य होय. कापड दुसऱ्या परगण्यातून आले असण्याची शक्यता तेवढीच असते आणि तोच तर मोहरेचा खरा उपयोग आहे.

टोकदार हत्याराने हाताने ओरखडलेले आकडे दिसल्यास ते लांबी किंवा वजन असू शकतात. चारच्या आकड्यासारखा दांडा व त्याखाली आद्याक्षरे असतील, तर ती व्यापाऱ्याची खाजगी खूण असते. अशा खुणांचा मालक क्वचितच निश्चित करता येतो. दोन आद्याक्षरांवरून एखाद्या प्रसिद्ध व्यापाऱ्याचे नाव जोडून देण्याचा मोह टाळलेला बरा.

तुलनेसाठी पायाभूत ग्रंथ जेफ ईगन यांचा आहे. लंडनमधील पुरातत्त्वज्ञ ईगन (१९५१–२०१०) यांनी वॉल्टर एंड्रेई यांच्यासह १९८२ साली युरोपातील कापड-मोहरांवर विस्तृत लेख लिहिला आणि १९९४ साली ब्रिटिश म्युझियममधील मोहरांची सूची प्रसिद्ध केली. आजही बहुतेक नोंदी त्यांच्या वर्गीकरणाचा आधार घेतात.

गल्लत होणाऱ्या वस्तू

पोपच्या आज्ञापत्राला लोंबणारी शिशाची मुद्रा आकाराने सारखी असल्याने सर्वांत जास्त चकवते. तिच्या एका बाजूला संत पीटर व संत पॉल यांचे चेहरे, दुसऱ्या बाजूला पोपचे नाव असते. तिच्यातून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरीचा बोगदा जातो, आणि खुंटी नसते.

रशियातून आलेल्या जवसाच्या व भांगेच्या वाखाच्या गासड्यांवरील मोहरा हा वेगळाच वर्ग आहे. त्यांतून दोरी ओवून त्या दाबलेल्या असत. त्यांवर रशियन लिपीतील अक्षरे, तपासनिसाचे नाव, प्रत व साल असते. कापडाच्या नव्हे तर कच्च्या मालाच्या मोहरा असूनही त्या याच गटात नोंदवल्या जातात. स्कॉटलंडच्या पूर्व भागात त्या विपुल आहेत, कारण डंडी व आसपासच्या गिरण्यांत हा वाख येत असे व गिरणीतला कचरा खत म्हणून शेतात पडे. पुढे डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागाकडे वळल्या. क्रिमियन युद्धाने (१८५३–५६) रशियन मालाचा पुरवठा विस्कळीत झाल्याने या बदलाला वेग आला.

खताच्या पोत्यांची, रेल्वे वाघिणींची व मीटरची एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील सीले, तराजूची वजने, शिशाची नाणेवजा बिल्ले आणि चपटी झालेली बंदुकीची गोळी यांचाही घोटाळा होतो.

सापडण्याच्या जागा

शेतात मोहर येते ती मुख्यतः खताबरोबर. नगरांतील मैला, राख व कचरा गाड्यांतून आसपासच्या शेतांत टाकला जाई. लोकरी चिंध्यांचेही खत होत असे. म्हणून शेतातील मोहर तेथे कोणी कापडव्यापारी राहत होता असे सांगत नाही. नद्यांचे तसे नाही. कुटाई व रंगकाम पाण्याकाठी चाले, धक्के व दुकानेही तेथेच असत. लंडनमध्ये ओहोटीला उघडा पडणारा थेम्सचा काठ, सॉल्झबरीतील नदीपात्र आणि ड्युरॅम येथे एल्व्हेट पुलाजवळील वेअर नदीचे पात्र यांतून मोहरांचे मोठे संच मिळाले आहेत. वेअरच्या गाळात शिसे चांगले टिकल्याने तेथील मोहरा विशेष सुवाच्य आहेत.

कायदा व नोंद

इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार मुख्यतः सोने-चांदीच्या वस्तू कळवाव्या लागतात. शिशाची सुटी मोहर त्यात बसत नाही. तिची नोंद १९९७ साली सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे ऐच्छिकपणे होते, आणि या योजनेच्या खुल्या संग्रहात आज हजारो मोहरांची वर्णने उपलब्ध आहेत. जमीनमालकाची परवानगी आवश्यक असून संरक्षित स्मारकस्थळी मेटल डिटेक्टर वापरणे हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. थेम्सच्या काठावर शोध घेण्यास पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. स्कॉटलंडचा नियम कडक आहे. तेथे जुनी वस्तू कोणत्याही धातूची असली, तरी ती राजसत्तेच्या मालकीची समजली जाते व कळवावीच लागते.

भारतात १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट, १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा व १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू आहेत. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय खणणे बेकायदा आहे. इंग्लंडमधील छंदाचे अनुकरण येथे गडकिल्ल्यांवर करणे त्यामुळे गुन्हा ठरते.

जतन

शिसे विषारी आहे. हाताळल्यावर हात धुवावेत. पांढरी भुकटी झटकू नये. तारेच्या ब्रशने, व्हिनेगरने वा लिंबाने मोहर साफ करणे म्हणजे लेख पुसून टाकणे होय. स्वच्छ पाणी व मऊ ब्रश पुरेसा असतो, आणि आत धागे दिसत असतील तर तेही करू नये. ओकच्या लाकडातून व साध्या पुठ्ठ्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी शिसे खाल्ले जाते, म्हणून जुन्या शोभिवंत लाकडी कपाटांत ठेवलेल्या मोहरा अनेकदा भुकटी झालेल्या आढळतात. पॉलिथीनची पिशवी किंवा डबी आणि आम्लरहित कागद चांगला. पिशवीवर सापडल्याची जागा व तारीख लिहावी, कारण ती हरवली तर मोहरेचे अर्धे मोल जाते.

भारताशी संबंध

इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेस वखार घातल्यानंतर, आणि १६६८ साली मुंबई बेट तिच्या ताब्यात आल्यानंतर तेथेही, इंग्लंडचे जाड लोकरी कापड विक्रीस आणले. मराठीत याला सकलात किंवा सकलाद म्हणत. हा शब्द फारसीतून आला. येथील हवेत त्याला अंगावरच्या कपड्यांसाठी फारशी मागणी नव्हती. झुली, खोगिरे, पालख्यांची आच्छादने आणि दरबारी नजराणे यांत ते खपे. कंपनीच्या ताक्यांवरही शिशाच्या मोहरा असत. १७०९ साली दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे एकत्रीकरण पूर्ण झाल्यावर वापरात आलेली खूण हृदयाच्या आकाराची असून तिच्या भागांत ‘व्ही-ई-आय-सी’ ही अक्षरे आणि वर चारच्या आकड्यासारखा दांडा असतो. ‘व्ही’ येथे ‘यू’च्या जागी, म्हणजे ‘युनायटेड’साठी आहे. हीच खूण पुढे कंपनीच्या तांब्याच्या नाण्यांवरही आली. त्यामुळे भारतीय नाणेसंग्राहकांना ती परिचित असते, आणि कंपनीची मोहर पाहून ते तिला झिजलेले नाणे समजण्याचा संभव असतो. नाण्याला खुंटी वा पट्टीचे बूड नसते, एवढे पाहिले तरी शंका फिटते.

एकोणिसाव्या शतकात गिरणीचे कापड आले आणि शिशाची जागा शाईच्या छापाने व रंगीत कागदी तिकिटांनी घेतली. मँचेस्टरहून भारतात येणाऱ्या ताक्यांवर देवदेवता, हत्ती, राजे यांची चित्रे असलेली अशी तिकिटे चिकटवलेली असत. १८८९ च्या इंडियन मर्चंडाइझ मार्क्स अ‍ॅक्टने ताक्यावर त्याची लांबी वारांत छापणे सक्तीचे केले.